डावा हात कुठंय?

दादा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तू गेलास म्हणून आपला वाद मिटला, असं समजू नकोस. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण भांडण अर्धं टाकून उठून जाणाऱ्याचं काय करावं, ते कोणी सांगत नाही. तेव्हा आज मी बोलणार आणि तू ऐकणार. हा योग पहिल्यांदाच आलाय, तो मी सोडायची नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, की विलास म्हणजे फार शांत माणूस. मंजूवहिनी मान हलवत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. शांत! यांनी तुला रविवारी दुपारी कधी पाहिलंच नव्हतं. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, त्यामागे वीस बाजूंचा फासा मुठीत खुळखुळवत बसायचं, आणि आमच्यापैकी कोणी भुयारात पाऊल टाकलं की डोळे बारीक करून म्हणायचं, "नक्की? विचार करून सांग हं." अख्ख्या धार शहरात तुझ्याइतका छळवादी माणूस दुसरा नव्हता.

मामेभाऊ होतास म्हणून लहानपणापासून तुझा छळ माझ्या वाट्याला आलेलाच होता. पण या खेळाने त्याला शिस्त आली. इरा शिकायला पुण्याला गेली आणि तिचा फाशांचा डबा आणि जाडजूड इंग्रजी पुस्तक मागे राहिलं. लेकीची आठवण येते म्हणून तू ते उघडलंस आणि त्यातच बुडालास. खेळ तसा साधा. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. पुढे काय करतो ते ज्याने त्याने बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. सांगणारा अर्थातच तू. मी झाले कमळी नावाची चोर. बाग गावच्या ठशांनी छापलेल्या कापडांचं दुकान चालवणारा तुझा मित्र गोलूभिया झाला योद्धा. आणि देवासहून माझ्याबरोबर इंदूरला बस बदलून येणारे आमचे शेजारी जोशीकाका, निवृत्तीनंतर मांत्रिक झाले. या वयात एवढी बढती कोणाला मिळते?

पहिली पेटी आठवते? भुयाराच्या तोंडाशीच होती, लोखंडी, कुलूप घातलेली. मी पुस्तक वाचून आले होते, त्यामुळे ऐटीत म्हणाले, "कमळी सापळा निकामी करते," आणि फासा उचलला. तू माझ्या मनगटावर पेन्सिल ठेवलीस.

"फासा मागाहून. आधी हात सांग."

"हात म्हणजे?"

"सापळा काय तोंडाने सोडवणारेस? कुठल्या हाताने काय करतेस ते सांग."

मी म्हटलं, उजव्या हाताने कुलुपात तार घालते, हळूच फिरवते, खटका लागला की झाकण उचलते. बरं सांगितलं होतं मी. गोलूभियाने तर 'वा' म्हटलं.

"आणि डावा हात कुठंय?"

मी खाली बघितलं. माझा खराखुरा डावा हात मांडीवर होता. म्हटलं, "मांडीवर."

"अरेरे," तू म्हणालास, आणि ते झाकण कोणी धरलेलंच नव्हतं म्हणून कमळीच्या बोटांवर आदळलं. पुढचे कितीतरी रविवार ती बोटांना चिंध्या बांधून फिरत होती.

यावर तुझा सिद्धांतही तयार होता. आपल्याला पंगतीत बसवताना पहिला धडा दिला जातो तो डाव्या हाताचा. ताटाला डावा हात लागला की मामीची चापट. मग तो हात जन्मभर मांडीवर पडून राहतो आणि माणूस त्याला विसरतो. "म्हणून आपली माणसं सापळ्यात डाव्या हाताने अडकतात," असं तू एखादा शोध लावल्यासारखा सांगायचास. मला ते थोतांड वाटायचं. पण एकदा जोशीकाका पेटलेली मशाल घेऊन दोरीच्या शिडीवर चढले, आणि तू तोच प्रश्न विचारलास, तेव्हा त्यांनीही टेबलाखाली वाकून आपल्या मांडीकडे पाहिलं. काका पडले. मशालही पडली, गोलूभियावर.

आता आपला वाद. माझं म्हणणं तेव्हाही सरळ होतं आणि आजही तेच आहे. कुलूप उघडण्याची विद्या कमळीकडे आहे, माझ्याकडे नाही. मी कारखान्यात खरेदी विभागात बसते, घरचं कपाट अडकलं तरी माणूस बोलावते. म्हणूनच तर फासा असतो ना? फासा टाकायचा, कमळीच्या कसबाचे गुण त्यात मिळवायचे, हवा तेवढा आकडा झाला तर सापळा सुटला, नाही झाला तर भोगा. पुस्तकात तसंच छापलंय. गोलूभिया शिळा उचलतो म्हणाला, तेव्हा तू त्याला अंगणातली गव्हाची कोठी उचलून दाखवायला सांगितलंस का? मग चोरानेच काय घोडं मारलंय?

तू म्हणायचास, "शिळा उचलताना बघण्यासारखं काय आहे? जोर लावला, उचलली. कुलुपात गोष्ट असते, सुमे. नुसता आकडा पडून सापळा सुटला, तर तिथं सापळा होता हे तुला कळलंच कुठं?"

मी म्हणायचे, ही पळवाट आहे. तू म्हणायचास, पळवाटा शोधणं चोराचं काम आहे, तू शोध. मग वहिनी पोहे आणायच्या आणि वाद पुढच्या खेपेला जायचा.

एक मात्र कबूल करते, हरायला तुला मनापासून आवडायचं. अदृश्य तारांची ती खोली घे. तार हलली की भिंतीतून बाण. आम्ही तिघं दारात उभे, काही सुचेना. गोलूभिया समोरच्या पोह्यांकडे बघत होता. एकदम म्हणाला, "भिया, मी तर जिरावण उडवतो. तारेवर बसेल ना मसाला, तार दिसून जाईल."

"भुयारात जिरावण कुठून आणलंस?"

"काय बात करतो भिया! धारहून निघालोय, बिना जिरावणाचा निघेन का मी?"

तू आडोशामागे डोकं खाली घालून हसत राहिलास. मग टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक केलंस आणि म्हणालास, "सुटलं." तो आपला शिक्का. तुझी टकटक झाली नाही, तोवर सापळा सुटला असं आम्ही कोणी मानायचो नाही.

आणि ती समाधी! त्या राजाच्या समाधीवर तू कित्येक दिवस खपला होतास. जमिनीत लोखंड ओढणाऱ्या फरश्या होत्या. खिळे ठोकलेले बूट घालून कोणी आत गेलं की फरशी उघडणार आणि माणूस खाली. तू आवाज खोल करून वर्णन केलंस, थंड दगड, विझलेले दिवे, मधोमध समाधी. आणि विचारलंस, "आत कसे जाता?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे न बघता, एका सुरात सांगितलं, "चपला बाहेर काढतो."

कोणाच्या मनात डावपेच नव्हता. समाधी म्हटल्यावर पायातलं बाहेर निघणारच, त्यात विचार कसला? तू तोंड उघडं टाकून बघत राहिलास. अनवाणी आम्ही त्या फरश्यांवरून आरामात चालत गेलो, जोशीकाकांनी तर नमस्कारही केला. तुझे कित्येक दिवस पाण्यात गेले आणि तू त्या दुपारी दिसेल त्याला ही हकिकत सांगत सुटलास. दूधवाल्यालाही सांगितलीस. त्याला काय कळलं देव जाणे, पण तोही हसला.

आता एक न सांगितलेली गोष्ट. आई गेली तेव्हा मी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. ऑफिसात हो-नाहीवर भागवायचे, घरी तेवढंही नाही. सगळे समजूत घालायला यायचे. तुझी तर ती सख्खी आत्या, तुलाही रडू येत असणार, पण तू फोन करून एवढंच म्हणालास, "रविवारी ये. चोराशिवाय आमचं अडलंय." मी आले. तू आईचं नावही काढलं नाहीस. पुढ्यात एक दार ठेवलंस आणि विचारलंस, उजवा हात काय करतोय, डावा कुठंय, बिजागरीकडे बघितलंस का, धूळ कोणत्या बाजूला साचलीय. मी सांगत गेले. बसमध्ये परतताना जोशीकाका म्हणाले, "सुमा, आज आपण पुष्कळ बोललात." तेव्हा माझ्या लक्षात आलं. नुसता फासा टाकायचा असता, तर मला तोंड उघडावं लागलं नसतं. तू हे मुद्दाम केलंस का, ते मी कधी विचारलं नाही, आणि आभार तर मानलेच नाहीत. आज मानते. नियमाबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

शेवटच्या रविवारी तू जे दार दिलंस ते खास मला डिवचायला होतं. नावच 'देवासचं दार'. आमच्या देवासात पूर्वी एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे. धारवाल्यांना यात काय गंमत वाटते कोण जाणे. जोशीकाकांचं घराणं थोरल्या पातीच्या चाकरीतलं, आणि हे ते आजही बसच्या वाहकाला ऐकवू शकतात. तर दार दगडी. डाव्या भिंतीत थोरल्या पातीची कडी, उजव्या भिंतीत धाकट्या पातीची. एकच ओढली तर छत खाली येणार. दोन्ही एकाच वेळी, सारख्याच जोराने ओढायच्या. आणि दालनाची जमीन फक्त एका माणसाचं वजन पेलते, म्हणून कमळी आत एकटी.

"देवासात दोघांच्या मर्जीशिवाय काही हललंय का?" तू म्हणालास. काका म्हणाले, "आपण मर्यादा सोडू नका."

मी सांगितलं, उजवा हात धाकट्या कडीवर.

"आणि डावा हात कुठंय?"

"हवेत. पोचत नाही, दादा. दोन कड्यांत दोन हातांपेक्षा जास्त अंतर आहे."

"मग राहू दे हवेतच," तू म्हणालास. "पुढच्या रविवारी सांग." आणि गराडूच्या, त्या कंदाच्या गरम तळलेल्या फोडींची थाळी माझ्यापुढे सरकवलीस.

पुढचा रविवार तुझ्याविना आला. तुला निरोप देऊन देवासला परतले, आणि खरं सांगते, रडू आलं की त्यामागोमाग हे दार आठवायचं. रागच यायचा. उत्तर न सांगता जातं का कोणी? कमळी तिथं एक हात हवेत धरून उभी, आणि मी इथं कारखान्यात कोटेशनं बघतेय. आता तिला तिथून कोण काढणार?

दिवसकार्य उरकल्यावर दुखवट्याला आम्ही परत धारला आलो. मी वहिनींना एका बाजूला घेऊन विचारलंच. "वहिनी, त्या दाराचं उत्तर दादा तुम्हाला बोलला होता का?"

वहिनींनी डोळे पुसले आणि चक्क हसल्या. "उत्तर? वन्सं, यांना कुठं माहीत होतं उत्तर? कधीच नसायचं. शनिवारी मला सांगायचे, असा असा सापळा केलाय. मी विचारायची, आणि सुटणार कसा? तर म्हणायचे, ते मला काय ठाऊक, ती मंडळी काढतील काहीतरी."

मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुझ्या खिशात किल्ली आहे आणि तू आम्हाला उगाच तिष्ठत ठेवतोस. आणि तुझ्याकडे किल्लीच नव्हती! नुसतं कुलूप करायचास आणि आमच्या भरवशावर शनिवारी निवांत झोपायचास. दादा, एवढा विश्वास माझ्यावर मी स्वतःही कधी ठेवला नाही. भरून आलं मला. आणि त्याच वेळी तुझा कान धरून ओढावासाही वाटला.

गोलूभियाने वहिनींसाठी दुखवट्याची साडी आणली होती, बाग गावच्या छापाची, लाल. वहिनी रंगाकडे बघून जरा थबकल्या.

"लालच आणली भाभी," तो म्हणाला, "भियाला माझ्या दुकानात हाच रंग पसंत होता. फीका आणला असता तर लडला असता माझ्याशी."

वहिनींनी साडी उलगडली, नीट पाहिली, छातीशी धरली. मग घडी घालायला म्हणून एक टोक त्यांनी धरलं, दुसरं गोलूभियाने. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे, साडी मधे ताणलेली. मी मधेच बसले होते. माझा हात सहज त्या साडीवर पडला आणि मी मधोमध धरून ती जराशी ओढली. दोघांचे हात एकदमच पुढे आले.

"अगं बाई, ओढता काय वन्सं!"

"वहिनी," मी म्हटलं, "दादाच्या खुर्चीवर बसा."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"बसा हो," जोशीकाका म्हणाले. "आपल्याइतकं कोणी ऐकलेलं नाही."

वहिनी बसल्या. साडी मांडीवर घेऊन बसल्या. पुठ्ठ्याचा आडोसा गोलूभियाने उभा केला. मी सांगायला लागले.

कमळीकडे पहिल्या दिवसापासून एक ओढणी आहे. तू हसला होतास, की ही चोरीला निघालीय का लग्नाला. तर त्या ओढणीचं एक टोक थोरल्या कडीला बांधते. कडी हलणार नाही अशा बेताने, झोपलेल्या पोराला पांघरूण घालावं तसं.

"गाठ कसली?" वहिनींनी विचारलं.

मी चमकून बघितलं. "पक्की. ताणली की आणखी आवळेल अशी." मग सावकाश चालत जाऊन दुसरं टोक धाकट्या कडीला. आता ओढणी दोन्ही भिंतींमधे, माझ्या छातीसमोर. दाराशी उभी राहते, ओढणी बरोबर मधे उजव्या मुठीत धरते, आणि स्वतःकडे ओढते. दोन्ही कड्या एकाच वेळी, सारख्याच जोराने.

वहिनी पुढे झुकल्या. आणि हुबेहूब तुझ्यासारखे डोळे बारीक करून म्हणाल्या,

"आणि डावा हात कुठंय?"

गोलूभियाने तोंडावर हात धरला. मी खाली बघितलं. मांडीवर होता, दादा. एवढं सगळं करूनही मांडीवरच. मी तो उचलला, टेबलावर ठेवला.

"मोकळा आहे, वहिनी. पहिल्यांदाच मोकळा आहे. त्याने दार ढकलते."

मग मी फासा टाकला. हो, टाकला. नियम म्हणजे नियम, तू असतास तरी टाकला असता. चार पडले. चारात आजवर साधी कडीसुद्धा निघालेली नव्हती.

"किती पडायला हवे होते?" वहिनींनी विचारलं.

जोशीकाकांनी, ज्यांनी जन्मात कधी पानाच्या डावातही लबाडी केली नाही, घसा खाकरला. "चार? चार म्हणजे उत्तमच की."

"बहोत झाले," गोलूभिया म्हणाला.

वहिनींनी टेबलावर टकटक केलं. "सुटलं," म्हणाल्या. आम्ही चौघंही रडलो, जोशीकाका सगळ्यात जास्त. पण रडता रडता गोलूभियाला 'चार' आठवले आणि तो फिसकन हसला, मग कोणालाच आवरेना. आतून मामी विचारत होत्या, काय झालं रे, काय झालं.

"पुढे काय आहे, भाभी?" हसू ओसरल्यावर गोलूभियाने विचारलं. "दरवाजा तर खुलला. आत काय आहे?"

वहिनी गडबडल्या. तू काही सांगून ठेवलेलं नव्हतंस. त्यांनी मांडीवरच्या लाल साडीवरून हात फिरवला, जरा विचार केला. मग तुझ्यासारखाच खोल आवाज काढून म्हणाल्या, "आत अंधार आहे. विझलेले दिवे आहेत. आणि मधोमध एक समाधी आहे. कसे जाता?"

आणि दादा, आम्ही तिघांनी एकमेकांकडे न बघता, एका सुरात सांगितलं, "चपला बाहेर काढतो."